छातीतलं गोसेखुर्द

मूठ वळा. तुमचं हृदय साधारण तेवढंच, वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास. एका ठोक्याला ते सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलतं, म्हणजे टपरीवरचा एक कटिंग चहा. मिनिटाला सत्तर ठोके धरा. झाले सत्तर कटिंग, पाच लिटर. तासाला तीनशे लिटर. आता चोवीसने गुणा: दिवसाला ७,२०० लिटर! आणि शरीरात रक्त किती? तेच पाच लिटर. बादलीसुद्धा भरणार नाही एवढं रक्त मिनिटाला एक फेरा मारतं, दिवसाला १,४४० फेरे, आणि फेऱ्यांची बेरीज सात हजार दोनशे लिटरवर जाते. झोपेत जरा कमी, धावताना बरंच जास्त, पण ढोबळ हिशेब हाच.

हा आकडा डोळ्यांपुढे आणायचा तर शेतातल्या विहिरीवर जाऊ. वीस फूट व्यासाची विहीर घ्या, तिच्यात तीस फूट पाणी. झाले सुमारे २ लाख ६७ हजार लिटर. ही विहीर एकटं हृदय सदतीस दिवसांत उपसून कोरडी करील. वर्षाला जवळपास दहा विहिरी. सत्तर वर्षांच्या आयुष्यात सहाशे नव्वदच्या घरात! आणि हा पंप कधी दुरुस्तीला काढलेला नाही, रात्री बंद केलेला नाही, भारनियमनात थांबलेला नाही.

विहिरी लहान पडल्या? मग रेल्वे आणू. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाणी नेणारी ‘जलदूत’ गाडी सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिली. पन्नास टाक्यांची गाडी, टाकीगणिक पन्नास हजार लिटर, एका खेपेत पंचवीस लाख लिटर. आता आपल्या हृदयाचा वर्षाचा हिशेब मांडा. ७,२०० गुणिले ३६५ म्हणजे २६ लाख २८ हजार लिटर. एक अख्खी पाणीगाडी, वर वाढीव टाक्या! म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीच्या बाजारात भाजी घेणारा प्रत्येक मोठा माणूस दर वर्षी छातीतून एक ‘जलदूत’ रवाना करतो. गाडीच्या नुसत्या बातमीने राज्य हललं होतं. इथे प्रत्येकाची एक गाडी, आणि तिच्याकडे वळून बघायलाही कोणाला फुरसत नाही.

आता एका माणसावरून जिल्ह्यांवर जाऊ. चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून २०११च्या जनगणनेत ३२ लाख ७७ हजार माणसं होती. लहान मुलं वगळा, हात आखडता ठेवून फक्त वीस लाख प्रौढ धरा. वीस लाख हृदयं दिवसाला १,४४० कोटी लिटर रक्त फिरवतात. मुंबईसारख्या अवाढव्य शहराला दिवसाला मिळणारं पाणी चारशे कोटी लिटरच्या आसपास असतं. जंगलातले हे दोन जिल्हे मुंबईच्या नळांना साडेतीन पटींनी मागे टाकतात! वर्षाचा हिशेब लिटरमध्ये मांडायला शून्यं पुरत नाहीत, म्हणून धरणांचं माप घेऊ: १८५ टीएमसी. अख्खं कोयना धरण १०५ टीएमसीचं. या भागातला धानकरी ज्याच्या कालव्याकडे डोळे लावून असतो ते गोसेखुर्द चाळीस टीएमसीचं. साडेचार गोसेखुर्द! धरण बांधलं नाही, गाव उठवलं नाही, कालवा खोदला नाही, आणि साडेचार गोसेखुर्दांइतका प्रवाह दर वर्षी बरगड्यांच्या आत वाहून जातो.

ठोक्यांची मोजणी तर याहून मजेची. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं नाटक रात्री दहाला सुरू झालं आणि पहाटे पाचला संपलं असं धरा. तेवढ्या वेळात मंडपात बसलेल्या प्रत्येकाचं हृदय एकोणतीस हजारांवर ठोके देऊन मोकळं झालेलं असतं. दिवसाचे होतात एक लाख. ठोक्याला धानाचा एक दाणा बाजूला टाकत चला. सिंदेवाहीशेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेला एचएमटी हा वाण घेऊ. मनगटी घड्याळाचं नाव मिळालेला हा तांदूळ मोजणीला शोभतोही. बारीक धानाचे हजार दाणे पंधरा ग्रॅमचे धरले, तर रोज दीड किलो दाणे जमतात. वर्षाला साडेपाच क्विंटल. सत्तर वर्षांत अडीचशे कोटींवर दाणे, ३८५ क्विंटल, चाळीस किलोची साडेनऊशेहून जास्त पोती! एकरी पंधरा-सोळा क्विंटल उतारा धरला तर एका माणसाचे आयुष्यभराचे ठोके पिकवायला चोवीस-पंचवीस एकर बांधी लागेल. झाडीपट्टीत एवढी जमीन असलेला शेतकरी मोठा मालक म्हणून ओळखला जातो, आणि एवढं धन ज्याच्या छातीत पिकतं त्याच्या नावावर कधी कधी एकरभरही नसते.

आता जोराकडे. डॉक्टर रक्तदाब ‘एकशेवीस’ सांगतात तेव्हा ते पाऱ्याचे मिलिमीटर असतात. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड. म्हणजे एकशेवीसचा दाब पाण्याचा स्तंभ पाच फूट चार इंच उचलून धरतो, एका माणसाच्या उंचीएवढा. दाब एकशेचाळीस झाला की स्तंभ सव्वासहा फुटांवर. एकशेऐंशीला आठ फूट! कौलारू घराच्या वळचणीपर्यंत पाणी उडवायचं, तेही मिनिटाला सत्तर वेळा, दिवसाला लाख वेळा, वर्षानुवर्षं. रक्तवाहिनीच्या भिंतीवर रोज लाख दणके, आणि प्रत्येक दणका दीडपट.

एवढ्या खटाटोपाला वीज किती? इथे अंग शहारतं. नेहमीच्या दाबाला हृदयाची कामाची ताकद भरते सुमारे १.१ वॅट. रात्री देवघरात लावतात तो बारीक एलईडी दिवा! दिवसभराच्या या कामात एक क्विंटल धान सुमारे अठ्ठ्याण्णव मीटर वर चढेल, कुतुबमिनारापेक्षा उंच. वर्षाचं बिल होतं जेमतेम दहा युनिट. युनिटला पाच रुपये धरले तर वर्षाला पन्नास रुपये. सत्तर वर्षांचे साडेतीन हजार. अख्ख्या आयुष्याचा पंप, साडेतीन हजार रुपयांत!

चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं. ते या दिव्यांशी ताडून बघा. भारतातल्या १४० कोटी माणसांची हृदयं एकत्र जोडली तरी त्या केंद्राच्या अर्ध्यावर थोडी जास्त, एवढीच वीज भरते. जगातली आठशे कोटी जोडली तर तीन चंद्रपूर! पृथ्वीवरचं सगळं प्रेम, सगळी भीती, सगळे श्रम, सगळी झोप, आणि त्यामागे तीन वीज केंद्रांएवढी ताकद.

आतापर्यंत आपण हृदय उपसलं, पेरलं, पेटवलं. आता ते वाचू.

ईसीजीची गुलाबी पट्टी सगळ्यांनी पाहिलेली असते. ती यंत्रातून सेकंदाला पंचवीस मिलिमीटर वेगाने सरकते, गोगलगायीला शोभेल अशी. पण तिला थांबवू नका, सरकू द्या. तासाला नव्वद मीटर. दिवसाला २ किलोमीटर १६० मीटर. मुंबई-पुणे अंतर दीडशे किलोमीटर धरा: एकाच माणसाची पट्टी मुंबईहून निघाली की सत्तराव्या दिवशी पुण्यात! पावणेअकरा महिन्यांत ती समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर पार करून दुसऱ्या टोकाला पोहोचते. सत्तर वर्षांत पंचावन्न हजार किलोमीटर, पृथ्वीला एक वेढा आणि वर पुन्हा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. आता आपले ते वीस लाख प्रौढ आठवा. सगळ्यांच्या पट्ट्या एकापुढे एक जोडा. एका दिवसात त्रेचाळीस लाख किलोमीटर! चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे, म्हणजे चंद्राच्या अकरा खेपा एका दिवसात. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर. चंद्रपूर-गडचिरोलीच्या छातीवरून निघालेली पट्टी पस्तिसाव्या दिवशी सूर्याला टेकते!

आणि या पट्टीवरची रेघ उमटवणारी वीज केवढी? मिलिव्होल्टभर. रिमोटमधल्या पेन्सिल सेलच्या दीड हजाराव्या हिश्श्याएवढी. ती पकडण्यासाठी लायडनच्या विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे यंत्र बनवलं ते २७० किलोंचं होतं, धानाची पावणेसात पोती. चालवायला पाच माणसं. रुग्णाने दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यांत बुडवून बसायचं. यंत्र हलवणं अशक्य आणि रुग्ण दवाखान्यात, म्हणून १९०५मध्ये त्यांनी टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटर लांबच्या दवाखान्यातला ठोका आपल्या प्रयोगशाळेत आणला. दूरवरून हृदय वाचण्याची सुरुवात तिथे झाली. १९२४चं नोबेल त्यांना मिळालं. आज ईसीजी काढणारं घड्याळ पन्नास ग्रॅमच्या आत असतं. २७० किलोंच्या जागी पंचेचाळीस ग्रॅम, सहा हजार पटींनी हलकं!

हल्लीच्या डिजिटल यंत्राचं काम जरा जवळून बघा. ते प्रत्येक सेकंदाला पाचशे वेळा हृदयाकडे डोकावतं, बारा बाजूंनी. दहा सेकंदांच्या एका ईसीजीत साठ हजार आकडे. कोणी सेकंदाला एक या वेगाने ते मोठ्याने वाचायला बसलं, तर न जेवता, न झोपता सोळा तास चाळीस मिनिटं लागतील. हृदयाने दहा सेकंदांत जे सांगितलं ते ऐकायला! संगणक ते गिळतो आणि काही क्षणांत सांगतो, झटका दिसतोय, तज्ज्ञाला दाखवा.

मग हा ईसीजी तज्ज्ञापर्यंत पोहोचतो किती वेगाने? काचतंतूतून संदेश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. तुमच्या दोन ठोक्यांमधलं अंतर पाऊण सेकंदाहून थोडं जास्त. तेवढ्यात तो जवळपास पावणेदोन लाख किलोमीटर जाऊ शकतो, पृथ्वीला चार वेढे! सिंदेवाहीच्या ग्रामीण रुग्णालयात काढलेला ईसीजी पुढचा ठोका पडायच्या आत पृथ्वीला चार प्रदक्षिणा घालून परत येऊ शकतो, आणि ज्याचा तो ईसीजी त्याला नागपूरला जायला एसटीने तीनेक तास. त्या तीन तासांत त्याच्या हृदयाचे साडेबारा हजार ठोके खर्ची पडतात.

इथे जमिनीचं माप घ्यायलाच हवं. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा. मुंबई शहर आणि उपनगर मिळून ६०३. म्हणजे गडचिरोलीत चोवीस मुंबया मावतात! आणि माणसं? चौरस किलोमीटरला चौऱ्याहत्तर. हीच दाटी मुंबईला लावली तर अख्ख्या मुंबईत पंचेचाळीस हजारही माणसं उरणार नाहीत. कुलाब्यापासून दहिसरपर्यंत पंचेचाळीस हजार, मध्ये नदी-नाले, डोंगर आणि वाघ, आणि यातल्या एकाच्या छातीत दुखायला लागलंय. गडचिरोलीतलं आरोग्याचं काम म्हणजे हे गणित रोज सोडवणं.

ते सोडवायला बसलेल्या मूठभर लोकांची गोष्ट मला या सगळ्या आकड्यांहून मोठी वाटते. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ महाराष्ट्रात घरोघरी वाचलं गेलं, तेव्हा हृदयाचं दुखणं या जिल्ह्याला निदान पुस्तकातून तरी ठाऊक होतं. पण खेड्यातली माणसं नेमकी कशाने मरतात? मलेरिया, जुलाब, साप, वाघ, असंच बाहेरचा कोणीही सांगेल. ‘सर्च’ने मोजायचं ठरवलं. नवजात बाळांवरच्या त्यांच्या जगभर गाजलेल्या अभ्यासात ३९ गावं एका बाजूला आणि ४७ दुसऱ्या बाजूला होती, मिळून ८६. पुढे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश कालकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ गावांतला प्रत्येक मृत्यू टिपला. एप्रिल २०११ ते मार्च २०१३, पूर्ण दोन वर्षं. लोकसंख्या ९४,१५४. मुंबईच्या गर्दीच्या वेळच्या लोकलमध्ये पाच हजार माणसं धरली तर एकोणीस लोकल भरतील.

दोन वर्षांत १,५९९ मृत्यू. प्रत्येक घरी जाऊन घरच्यांना विचारायचं: काय झालं, कधी सुरू झालं, तोंड वाकडं झालं होतं का, हात उचलत होता का, बोलणं अडखळलं का. मग दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता कारण ठरवायचं. पटलं नाही तर तिसऱ्याने. म्हणजे कमीत कमी ३,१९८ निर्णय, एकेक चुलीपाशी बसून गोळा केलेल्या उत्तरांवर. आणि सगळ्यात वर आलेलं कारण कोणतं? लकवा! १,५९९पैकी २२९, शंभरात चौदाहून जास्त. मलेरिया नाही, जुलाब नाही, वाघ नाही. दर तीन दिवसांनी एक माणूस. एसटीच्या पाच गाड्या भरून माणसं, दोन वर्षांत, फक्त ८६ गावांतून. त्यातले सत्त्याऐंशी टक्के, म्हणजे दोनशे जण, आपल्या घरीच गेले. पाच गाड्यांपैकी चार गाड्या भरून वर आणखी काही माणसं उरतील, एवढ्यांचा शेवटचा श्वास घरातच. २०१५मध्ये हे ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात छापून आलं आणि शहरी, खात्यापित्यांचा म्हणून समजला जाणारा आजार धानाच्या बांध्यांतून जगासमोर उभा राहिला.

लकवा म्हणजे मेंदूचा आजार, मग हृदयाच्या गोष्टीत त्याचं काय काम, असं विचाराल. पंप तोच, नळ्या त्याच, दाब तोच. आठ फुटांचं कारंजं कुठल्या नळीवर आपटतं एवढाच फरक. आणि आपटल्यावर काय होतं ते ऐका. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गाठ अडकली की मिनिटाला एकोणीस लाख पेशी मरतात. हा हिशेब अमेरिकेतले डॉ. जेफ्री सेव्हर यांनी २००६मध्ये मांडला. एकोणीस लाख, मिनिटाला! तासाला अकरा कोटी चाळीस लाख. २०११ला महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. एका डोक्यात, एका तासात, अख्ख्या महाराष्ट्राएवढ्या पेशी गेल्या. त्यांच्याबरोबर मिनिटाला बारा किलोमीटर चेतातंतू नष्ट होतात. मुंबई-पुणे अंतर साडेबारा मिनिटांत उखडलं जातं! कुठलीच रेल्वे या वेगाने धावत नाही. गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनला साडेचार तासांची मुदत असते. तेवढ्यात ३,२४० किलोमीटर तंतू जातात, आणि काश्मीर ते कन्याकुमारी भारताची उभी लांबी आहे ३,२१४ किलोमीटर. साडेचार तासांत एका माणसाच्या आतला देश वरपासून खालपर्यंत उसवला जातो.

आता कळेल की ठोक्याच्या आत पृथ्वीला चार वेढे घालणारा संदेश का महत्त्वाचा. नोव्हेंबर २०१९मध्ये ‘ई-संजीवनी’ सुरू झाली, पडद्यावरून डॉक्टरचा सल्ला. फेब्रुवारी २०२३पर्यंत दहा कोटी सल्ले होऊन गेले. प्रत्येकाची दवाखान्यापर्यंतची फक्त पंधरा किलोमीटरची पायपीट वाचली असं धरलं तर दीडशे कोटी किलोमीटर, सूर्यापर्यंतच्या दहा फेऱ्या वाचल्या! आरोग्याची नोंद ठेवणारा ‘आभा’ क्रमांक चौदा आकडी. चौदा आकड्यांत शंभर लाख कोटी वेगवेगळे क्रमांक बसतात. प्रत्येक भारतीयाच्या वाट्याला एकाहत्तर हजार. नोंद ठेवायला जागा मुबलक आहे. भरायचा आहे तो पहिला आकडा, दंडावरचा.

तो दंड डोळ्यांपुढे आणा. रोवणीवरून आलेली आजी, पदराला चिखल, उपकेंद्राच्या बाकावर पाठ टेकून बसलेली. दंडावर पट्टा, घुर्र आवाज, पट्टा आवळतो, सैल होतो, पडद्यावर तीन आकडे: वरचा, खालचा, नाडी. पाच मिनिटं शांत बसवून, दोनदा मोजून, नोंद करून माणशी दहा मिनिटं धरा. वीस लाख प्रौढांना एकच यंत्र लावलं तर रात्रंदिवस मोजूनही अडतीस वर्षं लागतील. घाबरू नका. हजार यंत्रं आणा, दिवसाला आठ तास चालवा. बेचाळीस दिवस! दोन अवाढव्य जिल्ह्यांतला प्रत्येक दंड दीड महिन्याच्या आत मोजून होतो. गावोगाव आशाताई आहेत, ‘सर्च’चे आरोग्यदूत आहेत, उपकेंद्रं आहेत. चोवीस मुंबयांचं जंगल बेचाळीस दिवसांवर येतं, हे गणित मी कितीदाही करायला तयार आहे.

खर्चाची चिंता वाटत असेल तर एक हिशेब खर्ऱ्याचाही करा. वीस लाखांत फक्त एक लाख माणसं रोज वीस रुपयांचा एक खर्रा खातात असं धरू. सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या तुकड्यावर घोटलेला. वर्षाला त्र्याहत्तर कोटी रुपये! वीसच्या नोटा एकावर एक रचल्या, नोट दशांश मिलिमीटर जाडीची धरली, तर चवड साडेतीन किलोमीटरच्या वर जाते. दोन कळसूबाई एकावर एक ठेवा, तरी नोटा वर उरतात. ज्या पंपाचं विजेचं बिल वर्षाला पन्नास रुपये, त्याच्या नळ्या खराब करायला माणशी सात हजार तीनशे.

आणि आता औषध. भारतात उच्च रक्तदाबाचे बावीस कोटी प्रौढ आहेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. दाब आटोक्यात असलेले त्यातले जेमतेम बारा टक्के. बावीस कोटी माणसं अर्ध्या अर्ध्या मीटरवर रांगेत उभी केली तर रांग एक लाख दहा हजार किलोमीटरची, पृथ्वीला पावणेतीन वेढे. एवढ्या रांगेला औषध पुरवायचं म्हणजे केवढी गोदामं, केवढे ट्रक! करू तर खरं गणित. रक्तदाबाची नेहमीची गोळी अॅम्लोडिपिन, पाच मिलिग्रॅम, दिवसाला एक. कोणाला जास्त लागते, कोणाला दुसरी जोडावी लागते, पण मोजणीपुरती सगळ्यांना एकच देऊ आणि गोळीतला भुकटीचा भराव सोडून फक्त औषध तोलू. एका माणसाला वर्षाला लागतं १.८ ग्रॅम. चिमूटभर! एक किलो औषधात साडेपाचशे वस्तीचं अख्खं गाव वर्ष काढतं. अभ्यासातल्या ८६ गावांत पंधरा हजार रुग्ण निघाले असं समजा; त्यांचं वर्षाचं औषध सत्तावीस किलो. धानाचं एक पोतं चाळीसचं असतं. ते पोतंसुद्धा भरलं नाही!

आता पूर्ण देश. बावीस कोटी माणसं, तीनशे पासष्ट दिवस: चारशे दोन टनांच्या आत. गोंदिया-बल्लारशा मार्गावर सिंदेवाही स्टेशनात रूळांपासून सुरक्षित अंतरावर उभे राहा आणि अठ्ठावन्न वाघिणींची मालगाडी येऊ द्या. एका वाघिणीत साधारण अठ्ठावन्न टन माल धरा. मोजत चला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. इथे देशाचं एक वर्ष भरलं! चौदा, दुसरं वर्ष. एकवीस, तिसरं. अठ्ठावीस, पस्तीस, बेचाळीस, एकोणपन्नास. छप्पन्नाव्या वाघिणीला आठ वर्षं झाली, आणि मागे अजून दोन वाघिणी यायच्याच आहेत. कोळशाच्या अशा गाड्या चंद्रपूरचं वीज केंद्र रोज पोटात घालतं. बावीस कोटी हृदयांना आठ वर्षं त्यातली एक पुरते.